सगळे खाली आले

थॉर्नबी
७ सप्टेंबर, रविवार

प्रिय केस्टर,

बाबा सुखरूप आहे. हे पहिल्याच ओळीत लिहिते, म्हणजे पुढचं वाचताना तुझा जीव टांगणीला लागणार नाही. तो आत्ता स्वयंपाकघरात खिडकीजवळ बसला आहे आणि आई त्याच्यासमोर शेंगा सोलते आहे. शेंगा हे निमित्त. ती त्याच्या पायांकडे बघत असते. ‘सुखरूप’ हा शब्दही मी जपूनच वापरते आहे. कामावर आम्ही डोंगराचा एखादा उतार सुरक्षित आहे असं लिहून देतो तेव्हा त्यापुढे एक आकडा असतो, आणि तो किती काळासाठी धरायचा तेही लिहिलेलं असतं. बाबाच्या बाबतीत माझ्याकडे आकडा नाही आणि मुदतही नाही. गेले आठ दिवस मला भीती वाटते आहे. जुनी झाली की भीती कमी होते म्हणतात. माझी झालेली नाही.

तू न्यूझीलंडला गेल्यापासून मी तुला एकही पत्र लिहिलेलं नाही. तेरा वर्षं झाली. नाताळात तुझा फोन येतो, तू आईशी बोलतोस, आई फोन माझ्याकडे देते, आपण हवेबद्दल बोलतो. फोन बाबाकडे जाण्याच्या आत तुला काहीतरी काम निघतं. त्यात माझी तक्रार नाही. फक्त नोंद करते आहे, कारण हे पत्र बाबाबद्दल आहे आणि तू ते अर्ध्यावर ठेवून देशील अशी मला शंका आहे. ठेवू नकोस. बुधवारी आम्ही त्याला स्मरणशक्तीच्या डॉक्टरकडे नेलं. त्या बाई सौम्य होत्या. त्यांनी विचारलं, “मुलं किती तुम्हाला, नॉर्मन?” बाबा लगेच म्हणाला, “दोन. एक खाली आलीय, एक अजून वर आहे.” बाईंना वाटलं घर दुमजली असेल. त्यांनी आईकडे बघून विचारलं, “म्हणजे वरच्या खोलीत?” आईने मान हलवली. हो की नाही, ते मलाही कळलं नाही. बाहेर आल्यावर मी बाईंना एकटीने गाठलं. त्या म्हणाल्या की बाबा आज आपल्या सगळ्यांना ओळखतो, पुढच्या वर्षी याच दिवशी ओळखेल याची खात्री त्या देऊ शकत नाहीत, आणि त्याला कुणाला भेटवायचं असेल तर थांबण्यात काही फायदा नाही.

आता स्कार्थच्या डोंगरी शर्यतीचं सांगते. मागच्या शनिवारी होती. तू असतानाची वाट तीच आहे: ओढ्याकाठच्या मैदानातून दगडी गडग्याच्या फाटकापर्यंत, तिथून धारेने शिखरावरच्या दगडांच्या राशीपर्यंत, आणि घळीच्या काठाने परत खाली. सहा किलोमीटर, चारशे दहा मीटर चढ. आई आता धावत नाही, चहाच्या तंबूत असते. मी धावते ती बुधवारच्या छोट्या शर्यतींत. स्कार्थला मी मोजणीवर असते. किती सुटले, शिखरावर किती पोहोचले, किती आले. वर विनी डिक्सन असते, सत्तरी उलटली तरी, कुत्रं आणि थर्मास घेऊन. खाली मी आणि शर्यत भरवणारा ॲल्फ, दोघांच्या दोन वेगळ्या वह्या, एकमेकांना न दाखवता लिहिलेल्या. ही पद्धत मी एकोणीस वर्षांची असताना मीच आणली. ॲल्फ अजून कुरकुरतो, “तीस वर्षं मी खाली आलेल्या प्रत्येकाची चिठ्ठी तारेत ओवून मोजलं, एक मेंढी हरवली नाही माझी.” मग माझ्याकडे बघून गप्प होतो, कारण एकदा हरवली होती आणि ते सगळ्या गावाला माहीत आहे.

बाबाचा नंबर अठ्ठावन्न होता. तो मी लावला. हे मला सांगायला हवं. त्याने स्वतः लावला होता तो उलटा होता, आकडे खाली डोकं वर पाय. मी काही न बोलता सेफ्टी पिना काढल्या आणि सरळ लावला. तो म्हणाला, “वरून मला सरळ दिसतो ना, झालं!” आम्ही हसलो. त्या आधीच्या चार महिन्यांत अशा चौदा गोष्टी माझ्या टिपणवहीत तारखेनिशी लिहिलेल्या होत्या. मे महिन्यात एकाच पायाचे दोन बूट घेऊन निघाला. जूनमध्ये दुसऱ्या एका शर्यतीत, वीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या वाटेने उतरला आणि फाटकाऐवजी कुणाच्या तरी परसात निघाला. तिथली बाई त्याला आल्याचा केक देऊन गाडीने परत घेऊन आली. जुलैमध्ये गाडी चालवताना मला विचारलं, “केस्टर मागे झोपलाय का गं? फारच गप्प आहे.” मी चौदा नोंदी केल्या आणि एकही कुणाला दाखवली नाही. आईला दाखवली असती तर ती म्हणाली असती, “सहासष्ट वर्षांचा माणूस, विसरणार नाही तर काय करणार?” तिलाही माहीत होतं. आम्ही दोघी एकमेकींपासून एकच गोष्ट लपवत होतो. हातात इतकी माहिती असताना मी त्याच्या छातीवर नंबर लावला आणि त्याला वर जाऊ दिलं.

दोन वाजता एकशे एकतीस जण सुटले. हवा तोपर्यंत ठीक होती, शिखर दिसत होतं. बाबा चोपन्न मिनिटं चौदा सेकंदांत आला, पासष्टच्या वरच्यांत पहिला, लाल तोंडाने हसत. मी त्याच्या नावापुढे खूण केली. ॲल्फनेही केली. आणि मग त्याने नेहमीसारखं पाणी प्यायलं, जाकिटाची पिशवी कमरेला परत बांधली आणि वळून फाटकाकडे गेला.

हे तुला माहीत नसेल. तू धावायचास तेव्हा घरचा नियम एवढाच होता की आपल्यातला शेवटचा खाली आल्याशिवाय कुणी चहा घ्यायचा नाही. तू पहिला यायचास आणि मी शेवटची, तू ओरडायचास, “ए मुंगे, चहाचा बर्फ झाला!” आणि आई फाटकापर्यंत येऊन मला हात धरून पळवत न्यायची. तुझ्या अपघातानंतर बाबाने त्यात भर घातली. प्रत्येक शर्यत संपली की तो परत वर जातो. घळीच्या माथ्यापर्यंत जातो, तिथे एक-दोन मिनिटं उभा राहतो आणि उतरतो. पंचवीस मिनिटं लागतात. कुणी विचारलं तर म्हणतो, पाय मोकळे करून आलो. अठरा वर्षं सगळे हेच समजतात. आम्ही घरातले वेगळं समजतो, पण त्यावर बोलत नाही. त्यामुळे त्या दिवशी त्याला वळून जाताना मी पाहिलं आणि मला काहीच वाटलं नाही. माझ्या वहीत तो आलेला होता.

तीन वाजून पाच मिनिटांनी धुकं उतरलं. तू पाहिलंयस ते कसं उतरतं. आधी शिखर, मग धार, मग फाटक. शेवटचा धावणारा तीन वीसला त्यातूनच बाहेर आला. ॲल्फने त्याची वही मोजली, मी माझी, एकशे एकतीस आणि एकशे एकतीस. त्याने भोंग्यातून ओरडून सांगितलं, “सगळे खाली आले!” लोकांनी टाळ्या वाजवल्या. विनी सर्वांच्या मागून शिखरावरून उतरली. तिला वाटेत कुणी दिसलं नाही, कारण दहा पावलांपलीकडे काहीच दिसत नव्हतं. मी वही बंद केली. खरं सांगायचं तर मला त्या क्षणी समाधान वाटलं. मोजणी जुळल्यावर दरवर्षी वाटतं तसं.

चार वाजता बक्षिसं. ॲल्फने पुकारलं, “पासष्टच्या वरचे, पहिला, नॉर्मन थ्वेट!” टाळ्या झाल्या. कुणी पुढे आलं नाही. कुणीतरी ओरडलं, “म्हातारा केकच्या रांगेत असेल!” हशा झाला. ॲल्फने परत पुकारलं. मी तंबूकडे पाहिलं. आई हातातली किटली खाली न ठेवता तशीच दारात आली होती आणि माझ्याकडे बघत होती. मी घड्याळ पाहिलं. चार वाजून चार मिनिटं. तो वर जाऊन सत्तर मिनिटं झाली होती.

मी ॲल्फला सांगितलं. तो गोंधळला. “पण अठ्ठावन्न तर आलाय. हे बघ, तुझी खूण, माझी खूण. कागद खोटं बोलत नाही, पोरी.” विनी मागे बूट सोडत बसली होती. ती बूट परत बांधायला लागली आणि म्हणाली, “कागद वर जात नाही ना, ॲल्फ. नॉर्मन जातो.” त्याने बचाव पथकाला फोन लावला. पलीकडच्याने पहिला प्रश्न विचारला तो मलाही ऐकू आला: किती धावणारे बेपत्ता? ॲल्फ माझ्याकडे बघत म्हणाला, “एकही नाही. सगळे आलेत.” मग त्याला समजावून सांगायला दोन मिनिटं गेली. ती माझ्या पद्धतीमुळे गेली. पथक चाळीस मिनिटांत पोहोचणार होतं. आम्ही थांबलो नाही. विनी, तिचं कुत्रं मॉस आणि मी फाटकातून वर गेलो.

फाटकापासून घळीचा माथा नऊशे मीटर. धुक्यात मी पावलं मोजत चालते. माझी चौसष्ट जोडपावलं म्हणजे चढावर शंभर मीटर. विनी मेंढ्यांच्या वाटेने पुढे, मी होकायंत्र घेऊन मागे. ती मधूनच मला टोमणा मारत होती, “मोजून झालं की सांग हो, मग डोंगराला कळवू.” ती मला भानावर ठेवत होती, हे मला कळत होतं. घळीच्या माथ्यावर पोहोचलो. तिथे तो नव्हता. गवत भिजलेलं होतं, पावलांचे ठसे मेंढ्यांनी मोडले होते. आम्ही शिट्टी वाजवली आणि ऐकत उभ्या राहिलो. धुक्यात शिट्टी सगळीकडून परत येते. मग मॉसने कान वळवले, पश्चिमेकडे, आणि मला आवाज ऐकू आला.

बाबा हाक मारत होता. तुझ्या नावाने. लांब, मधला स्वर ओढून, आपण लहान असताना मैदानावरून मारायचा तशी. “के-स्टर! पोरा, ओ दे!” मला आनंद झाला, पूर्ण एक सेकंद. मग दिशा लक्षात आली.

तुला जुनी खाण आठवते का? आपल्याला तिकडे जायला बंदी होती. दोन वर्षांपूर्वी आमच्या कचेरीकडे तिच्या कड्याची पाहणी आली होती आणि ती मी केली. कडा अडतीस मीटर खोल आहे. वरची हिरवळ दगडाच्या पुढे निघालेली आहे, काही ठिकाणी दोन मीटरपर्यंत, आणि तिच्या खाली काही नाही. वरून बघणाऱ्याला साधं गवत दिसतं. त्या गवतावर मेंढी टिकते. माणूस टिकेल असं मी अहवालात लिहिलं नव्हतं. कुंपण घालावं असं लिहिलं होतं. कुंपण घातलं गेलं नव्हतं. बाबाचा आवाज खाणीच्या पलीकडून येत होता. तो आणि आम्ही यांच्या मध्ये तो कडा होता. आमची शिट्टी ऐकून तो आमच्याकडे यायला लागला तर सरळ त्या कड्यावरूनच येणार होता.

मी परत शिट्टी तोंडाला लावली होती. विनीने माझा हात खाली ओढला. तिलाही तेच सुचलं होतं. “ओ देऊ नकोस,” ती कानात म्हणाली. “तो येईल.” मी म्हणाले, “नाही दिली तर तो शोधत फिरत राहील.” तिने माझा हात सोडला नाही. मला नंतर अनेकदा प्रश्न पडला की मी तिथे किती वेळ उभी होते. विनी म्हणते, दहा सेकंद. वडील हाक मारतायत आणि ओ देण्याची भीती वाटते आहे, असे दहा सेकंद मोजता येत नाहीत. तेवढ्यात त्याची पुढची हाक आली आणि ती आधीपेक्षा जवळ होती.

मग मी ओरडले, “बाबा, बस खाली! आहेस तिथेच बस!” तो थांबला असावा. त्याने विचारलं, “कोण? केस्टर?” आणि मी म्हणाले, “हो.” आवाज जाड करून म्हणाले. “हो बाबा. बस तू. हलू नकोस. मी येतो.” तो म्हणाला, “मोडलेला पाय टेकवू नकोस रे.” मी म्हणाले, “नाही टेकवत. तू बसलास का?” “बसलो,” तो म्हणाला. “आता तू म्हणशील तसं.”

खाणीला वरून वळसा घालायला मला चारशे दहा मीटर चालावं लागलं. मी ते धावत गेले नाही. एकेक पाऊल मोजत गेले आणि प्रत्येक शंभराला ओरडले, “बसलायस ना?” तीनदा उत्तर आलं. चौथ्यांदा आलं नाही. विनी माझ्या मागे काहीतरी पुटपुटत होती, प्रार्थना की शिवी ते कळलं नाही. मग धुक्यात तो दिसला, कड्यापासून चार पावलांवर. नंतर मोजलं तेव्हा ती चार भरली. त्या वेळी मला एकही दिसलं नव्हतं. तो नुसत्या भिजलेल्या बनियनमध्ये बसला होता. जाकीट त्याने काढून शेजारच्या एका लांबट दगडावर पांघरलं होतं, कडा नीट खाली खोचून. त्याचं अंग थरथरत नव्हतं. थरथरणं थांबलं की जास्त वाईट, हे आपल्याला त्यानेच शिकवलंय. विनीने मला तिचे आणि माझे सगळे गरम कपडे त्याला घालायला लावले. “तू गारठलीस तर गारठ, तू सत्तावीसची आहेस,” ती म्हणाली आणि मॉसला त्याच्या पोटाशी झोपवलं. मी त्या दगडावरचं जाकीट काढायला गेले तेव्हा त्याने माझा हात धरला. माझ्याकडे पाहिलं. मला नीट ओळखलं, माझं नाव घेतलं आणि एक वाक्य बोलला. ते वाक्य मी शेवटी लिहिणार आहे, कारण आत्ता लिहिलं तर पुढचं लिहिणं मला जमणार नाही. पथक पावणेसहाला पोहोचलं. त्यांनी त्याला उतरवलं. दोन दिवस त्याला इस्पितळात ठेवलं होतं.

घरी आल्यापासून तो रोज दुपारी तीनच्या सुमाराला बूट शोधतो. आईने बूट पिठाच्या डब्यामागे लपवलेत. मंगळवारी तो मोजे घालून फाटकापर्यंत गेला. आई म्हणाली, “कुठे निघालास?” तो म्हणाला, “पोराला आणायला. तू चहा टाक.” ती त्याच्याशी भांडली नाही. तिने चार कप मांडले, तेव्हा कुठे तो आत आला. मी दाराला घंटी लावली आहे. ती वाजली की मी धावत दाराशी जाते, पोस्टमन असला तरी. बराच वेळ वाजली नाही तरी जाऊन बघते. मी घरूनच काम करते आहे. उतारांचे नकाशे समोर असतात आणि मी घंटीकडे कान लावून बसलेली असते.

आता तुझा अपघात. आपल्या घरात तो जसा सांगितला जातो तसा आधी लिहिते. तू चौदा वर्षांचा होतास. मुलांची शर्यत एक वाजता सुटली, घळीच्या माथ्यापर्यंत आणि परत. उतरताना तू घसरलास, घळीत पडलास आणि घोटा दोन ठिकाणी मोडला. दोन वाजता मोठ्यांची शर्यत सुटली. बाबा त्यात होता आणि त्या वर्षी तो जिंकण्याच्या बेतात होता. तुला तो घळीच्या काठावरून जाताना दिसला, तू हाक मारलीस, तो तसाच पुढे निघून गेला. पावसात दोन तास दहा मिनिटं तू तिथे होतास. त्या रात्री इस्पितळात तू त्याला विचारलंस, “मी खाली आलो की नाही, एवढंही बघितलं नाहीस?” आणि तो म्हणाला, “नाही बघितलं. चूक माझी.” त्यापुढे एक शब्द नाही. तू नंतर कधी धावला नाहीस, त्याच्याशी धड बोलला नाहीस, आणि एकोणिसाव्या वर्षी मिळेल तितक्या लांब गेलास. आईने त्याला कितीदा विचारलं, की तू असा कसा निघालास, न बघता? तो प्रत्येक वेळी तेच म्हणाला. चूक माझी.

त्याने बघितलं होतं, केस्टर. मोठ्यांची शर्यत सुटायच्या पाच मिनिटं आधी तो माझ्याकडे आला होता. मी नऊ वर्षांची होते. मुलांच्या चिठ्ठ्या तारेत ओवायचं काम ॲल्फने मला दिलं होतं आणि त्याचा मला फार गर्व होता. मधे मी तार खुंटीला अडकवून शिकारी कुत्र्यांची शर्यत बघायला गेले. किती वेळ, ते मला माहीत नाही. परत आले तेव्हा तुझी चिठ्ठी तारेत नव्हती. मला वाटलं, मी नव्हते तेव्हा तू आला असशील आणि चिठ्ठी कुठेतरी पडली असेल. जागा सोडली म्हणून रागावतील ही भीती होती. बाबाने विचारलं, “केस्टर आला का गं?” मी म्हणाले, “आला.” त्याने माझ्या डोक्यावर थोपटलं आणि तो सुटायच्या रेषेवर गेला. त्या रात्री तू त्याला विचारलंस तेव्हा मी दारामागे उभी होते आणि तो माझ्याकडे न बघता म्हणाला, चूक माझी. नंतर मलाही त्याने कधी काही विचारलं नाही, अठरा वर्षांत एकदाही. मागच्या शनिवारी वर धुक्यात माझा हात धरून तो म्हणाला, “ब्रायनी, तू म्हणाली होतीस, आला म्हणून.” रागाने नाही. एखादा हिशोब जुळत नसला की विचारतो तसं. मी त्याला उत्तर दिलं नाही. त्याने ते दुसऱ्या दिवशी परत म्हटलं नाही, आणि आता त्याला ते आठवत असेल असं मला वाटत नाही. इतकी वर्षं ही गोष्ट दोघांना माहीत होती. त्यातला एक विसरत चालला आहे आणि दुसरी मी आहे. मी स्वतःला ओळखते. तो पूर्ण विसरला की मी कधीच सांगणार नाही. तू यावंस की नाही ते मी लिहीत नाही, तो हक्क माझा नाही; पण मी त्याला तुझ्या आवाजात ‘येतो’ म्हणून सांगितलं आहे, आणि तो अजून वाट बघतो आहे. मेल लिहिला असता तर रात्रीतून पुसला असता. म्हणून कागदावर लिहिलं. उद्या सकाळी नऊला टपाल निघतं. मी आत्ताच जाऊन हे पेटीत टाकते, म्हणजे माझा हात आत पोहोचणार नाही.

तुझीच,
ब्रायनी